पंखांचा बैल काढायचाय: गोठा, सांगाडा की फोटो?

गेमसाठी, कॉमिकसाठी किंवा गणपतीच्या देखाव्यासाठी जगात नसलेला प्राणी काढायचा ठरला, की आधी प्रश्न पडतो तो संदर्भाचा. कुठे बघून काढायचं? जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हात बसवत असलेल्या मुलामुलींपुढे चार वाटा असतात: जिवंत जनावर, सांगाडा, फोटो-व्हिडिओ आणि दुसऱ्यांनी काढलेले ड्रॅगन-राक्षस. समजा, पंख असलेला बैल काढायचाय. त्याच्यावरच या वाटा तपासून बघू.

जिवंत जनावराला मी सगळ्यात वर ठेवते, कारण वजन तिथेच कळतं. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, तेव्हा पुढचे पाय अजून दुमडलेलेच असतात. घोडा उलट, आधी पुढचे पाय रोवतो. तुमचा प्राणी झोपेतून उठून चाल करून येणार असेल, तर या एका फरकाने त्याचा सगळा स्वभाव बदलतो. वशिंड चालताना कसं डोलतं, गळ्याखालची पोळी मान फिरल्यावर किती मागे रेंगाळते, हे गोठ्याच्या दाराशी उभं राहूनच समजतं. पोळ्याला बैल धुतात, तो दिवस तर सोडूच नका. ओल्या अंगाला केस चिकटले की खांद्याचे आणि मांडीचे स्नायू वेगवेगळे दिसतात. घोड्यांसाठी तापीकाठचं सारंगखेडा आहेच. दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारात मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान बघा, त्यांची टोकं आत वळलेली असतात. रोखलेले कान आणि मागे पाडलेले कान शेजारी शेजारी काढून ठेवा. डोळे-दात न काढताही राग दाखवता येतो, हे तिथेच पटतं. मात्र मालकाला विचारल्याशिवाय जनावराच्या मागच्या बाजूला उभं राहू नका.

पण कातडीखालचं गोठ्यात दिसत नाही, आणि पंख लावायची वेळ आली की नेमकं तेच लागतं. बैलाच्या पुढच्या पायात मधोमध वाकतो तो सांधा रचनेने आपल्या मनगटाच्या जागी येतो. मागच्या पायात टोकदार दिसणारा सांधा म्हणजे टाच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाय उलटे वाकलेले वाटत नाहीत. पक्ष्याचा पंख हा त्याचा हातच आहे. म्हणजे चार पाय आणि वर दोन पंख दिले, तर एकूण सहा अवयव झाले, आणि पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्याला चारपेक्षा जास्त नाहीत. तरी काढायचेत ना? काढा, पण जागा करून काढा. बैलाला गळ्याजवळचं आडवं हाड नसतं, त्याचा फरा, म्हणजे खांद्याचं चपटं हाड, बरगड्यांवर नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. पंखांसाठी दुसरा फरा बसवायचा तर छातीचा पिंजरा लांबवावा लागेल. बैलाला बरगड्यांच्या 13 जोड्या असतात, घोड्याला साधारण 18. म्हणून इथे घोड्याचा पिंजरा उसना घेतला तरी चालेल. उडण्याचे मोठे स्नायू पाठीवर नसतात, छातीच्या हाडाला धरलेले असतात. कोंबडी साफ करताना बघितलंत तर लगेच कळेल. तेव्हा पंखांच्या बैलाची छाती खोल हवी, नाहीतर पंख पाठीला चिकटवल्यासारखे दिसतात. सांगाड्यासाठी जवळच्या सीनियर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. चित्राच्या वहीसकट गेलात तर बहुधा नाही म्हणणार नाहीत.

फोटो-व्हिडिओचा खरा उपयोग चालीसाठी. घोडा धावताना चारही पाय हवेत असतात, तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे मायब्रिज या छायाचित्रकाराच्या 1878च्या फोटोंनी दाखवलं. त्याआधीचे पुष्कळ चित्रकार पाय पुढे-मागे ताणलेले काढत, कारण नुसत्या डोळ्यांना तो वेग पकडता येत नाही. फक्त मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोवरून मापं घेऊ नका. त्यात तोंड मोठं आणि धड लहान येतं.

दुसऱ्यांची चित्रं मी शेवटी ठेवते. रंग, पोत, प्रकाश त्यांच्याकडून जरूर शिका, पण हाडं घेऊ नका. 1515 साली गुजरातमधून लिस्बनला गेलेला गेंडा ड्यूरर या जर्मन चित्रकाराने स्वतः पाहिला नव्हता. वर्णन आणि कच्च्या रेखाटनावरून काढताना त्याने खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग दिलं. युरोपात ते चित्र दोनशेहून जास्त वर्षं खरं मानून गिरवलं गेलं, शिंगासकट.

तर निवड कशी करायची? एकच पोस्टर असेल तर गोठा पुरे, त्यासोबत सांगाड्याचं एखादं चांगलं चित्र. गेममध्ये प्राणी हलणार असेल तर आधी सांगाडा, मग स्लो मोशन व्हिडिओ. सांधे चुकले तर प्रत्येक हालचालीत चूक दिसेल. पंख कातडीचे हवे असतील तर वटवाघूळ बघा: चार लांब बोटांवर ताणलेली कातडी आणि मोकळा अंगठा. पिसांचे हवे असतील तर कोंबडीचा पंख सोलून कोपर आणि मनगट शोधा, आणि ते दोन सांधे कागदावर मांडून झाल्याशिवाय एकही पीस काढू नका.