सातबारा खरा, मालक खरा, खरेदीखत खरं, तरी प्लॉट हातचा गेला

बांधकाम परवानगीचा अर्ज परत आला तेव्हा शेऱ्यात एकच ओळ होती: सदर जागा मंजूर अभिन्यासात खुली जागा म्हणून दर्शविलेली आहे. तोवर खरेदीखत होऊन आठ महिने झाले होते. सातबाऱ्यावर नाव लागलं होतं, चारी कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवले होते, बोअरसाठी पाणाड्यालाही बोलावून झालं होतं. पैसा होता यंत्रमाग कारखान्यात 32 वर्षं काढलेल्या माणसाच्या फंडाचा आणि त्याच्या बायकोच्या दागिन्यांचा.

सोलापूरच्या हद्दवाढ भागातल्या एका जुन्या लेआउटमधला हा प्रकार. माणसांची नावं आणि गट क्रमांक मुद्दाम दिलेले नाहीत, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. पण फसवण्याची रीत जशीच्या तशी मांडली आहे, कारण मजरेवाडी, शेळगी, बाळे, सोरेगाव, जुळे सोलापूर अशा कुठल्याही बाजूला जुन्या लेआउटमध्ये प्लॉट बघणाऱ्याच्या वाट्याला ती येऊ शकते.

आधी मूळ गोष्ट. शेतजमिनीचे घरांसाठी प्लॉट पाडायचे तर लेआउट, म्हणजे अभिन्यास, मंजूर करून घ्यावा लागतो. राज्यात डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण 40 गुंठे किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडणं बंधनकारक आहे. खुल्या जागेची ही अट त्याआधीच्या नियमांतही होतीच. ही जागा तिथल्या सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापराची असते. ती विकणार नाही, असं मालकाकडून लिहून घेतलेलं असतं. ही अट सहसा मंजुरीच्या पत्रातच असते, म्हणून ते पत्र गिऱ्हाइकाला कधी दाखवलं जात नाही.

मग ती विकली कशी जाते? लेआउट अंतिम झाल्यावर कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्राच्या वाटणीची सरकारी नोंद, होतं आणि विकलेल्या प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा निघतो. रस्ते आणि खुली जागा यांचं क्षेत्र मात्र पुष्कळ ठिकाणी मूळ मालकाच्याच नावावर पडून राहतं. ना महापालिकेच्या नावे होतं, ना सोसायटीच्या. पंचवीस-तीस वर्षं जातात, मालक वारतो, वारसनोंद होते आणि मुलांच्या हातात 'शिल्लक' आठ-दहा गुंठ्यांचा सातबारा येतो. आजूबाजूला भाव चढलेला असतो. कुणीतरी एजंट येऊन सांगतो की एवढी जागा पडून कशाला ठेवता. कधी मुलांना खरंच माहीत नसतं, पण बहुतेक वेळा चांगलं माहीत असतं.

या घरालाही असंच सांगितलं गेलं, "बघा की ओ काका, सातबारा ऑनलाइन आहे, डिजिटल सहीचा आहे. नाव आमचंच आहे का नाही?" सातबारा अस्सलच होता. पण जागा कुणाच्या नावावर आहे एवढंच सातबारा सांगतो. ती कशासाठी राखलेली आहे हे मंजूर नकाशा सांगतो. हा फरक ज्याला माहीत नाही, तोच अशा व्यवहारात सापडतो.

त्यांना नकाशाही दाखवला होता, आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का पुसट, सही ओळखू न येणारी. मधोमध जिथे तिरप्या रेघांनी खुली जागा दाखवलेली असायला हवी, तिथे पांढरं. त्या पांढऱ्यावर सात चौकोन, क्रमांक 25 ते 31, बाकीच्या आकड्यांहून वेगळ्या हाताचे. पांढरी शाई लावून पुन्हा झेरॉक्स काढली की खाडाखोड दिसत नाही, पण कडेला एक-दोन तिरप्या रेघांची टोकं राहून जातात. इथेही राहिली होती.

नकाशातल्या क्षेत्राच्या तक्त्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. एकूण क्षेत्र 8,094 चौरस मीटर, म्हणजे दोन एकर. प्लॉटखाली 5,060, रस्त्यांखाली 2,225, खुली जागा 809. बेरीज बरोबर जुळते. आता नवे सात प्लॉट प्रत्येकी 99 मीटरचे धरले तर 693 मीटर होतात. ते धरून बेरीज 8,787 वर जाते. दोन एकरांत जवळजवळ सात गुंठे जमीन जास्तीची आली कुठून? कुठल्याही लेआउटचा नकाशा हातात आला की आधी ही बेरीज करा. प्रत्येक प्लॉटचं क्षेत्र कॅल्क्युलेटरवर मिळवा आणि तक्त्याशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. नकाशात फेरफार करणारे चौकोन काढतात, पण तक्त्यातले आकडे बदलायला गेलं तर सगळंच बदलावं लागतं, म्हणून तो तसाच ठेवतात.

झोन दाखलाही काढला होता आणि त्यावर 'रहिवास विभाग' असं स्वच्छ लिहिलं होतं. इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. झोन दाखला शहराच्या विकास आराखड्यावरून देतात. त्यात गटाचा झोन कळतो, आराखड्यातलं आरक्षण कळतं, रस्तारुंदी कळते. लेआउटच्या आत सोडलेली खुली जागा आराखड्यात वेगळी दाखवलेली असतेच असं नाही. अख्खा लेआउट रहिवास विभागात, म्हणून त्याच्या पोटातली बागेची जागाही दाखल्यावर रहिवास विभागात दिसते. दाखला खोटा नसतो, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने जागा तपासून दिली, असंही धरून चालू नका. नोंदणी दस्ताची होते, हक्काची हमी मिळत नाही. मोजणीचंही तसंच: मोजणीदार हद्द दाखवून देतो, तिथे घर बांधता येईल का हे त्याच्या कामात येत नाही. मोकळ्या जागेच्या कराच्या पावतीवरही विसंबू नका. अनधिकृत बांधकामाला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि ती भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही.

खरेदीखताच्या मसुद्यातही खूण होती. चतुःसीमेत पूर्वेला प्लॉट नंबर 24, पश्चिमेला रस्ता आणि उत्तर-दक्षिणेला 'मूळ मालकाची शिल्लक जागा'. मंजूर लेआउटमधल्या खऱ्या प्लॉटच्या चारी बाजूंना प्लॉट क्रमांक, रस्ता, खुली जागा किंवा शेजारचा गट यांपैकी काहीतरी असतं. 'शिल्लक जागा', 'शिल्लक क्षेत्र', 'मालकाची इतर मिळकत' असे शब्द दिसले की तिथेच थांबा. प्लॉट क्रमांकापुढे अ, ब किंवा /1 असेल तर तो पोटहिस्सा मंजूर आहे का हे लेखी मागा. आणि जाग्यावर जाऊन बघा. चहूबाजूंनी घरं उठली आहेत, दर तीस वर्षांपूर्वीपासून चढत आला आहे आणि मधलेच आठ गुंठे रिकामे का? तिथे क्रिकेटची खेळपट्टी, कोपऱ्यात छोटं देऊळ, गणपतीच्या मांडवाचे खड्डे असतील तर समोरच्या घरातल्या आजींना विचारा. "अहो, ती बागेची जागा आहे," हे उत्तर तिथे फुकट मिळतं. एजंट तुम्हाला शेजाऱ्यांशी बोलू देत नसेल, भर दुपारी उन्हातच जागा दाखवून लगेच गाडीत बसवत असेल, तर त्याचं कारण हेच.

मग बघायचं काय? मंजूर अभिन्यासाची प्रमाणित प्रत आणि सोबतचं अटींचं मंजुरीपत्र. विकणाऱ्याच्या हातून नाही, कार्यालयातून. महापालिका हद्दीतल्या मंजुरीसाठी नगररचना विभागात अर्ज करायचा. इथे सोलापूरची एक अडचण आहे. 1992 च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं शहरात आली, आणि त्याआधीचे त्या गावांतले लेआउट जिल्हाधिकाऱ्यांच्या बिनशेती आदेशाने मंजूर झालेले आहेत. अशा वेळी महापालिकेत 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर मिळू शकतं आणि विकणारा तेच मिरवतो: "बघा, महापालिकेकडे ओपन स्पेसची नोंदच नाही." खुली जागा नव्हती, असा त्याचा अर्थ होत नाही. बिनशेती आदेशाचा क्रमांक जुन्या फेरफारात किंवा शेजारच्या प्लॉटच्या पहिल्या खरेदीखतात सापडतो. तो घेऊन महसूल अभिलेख कक्षात आणि राज्याच्या नगररचना कार्यालयात प्रत मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची. या 30 दिवसांत इसार द्यायचा नाही. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" हे वाक्य हमखास ऐकू येईल. येऊ द्या.

सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे बँक. कर्ज घ्यायचं नसलं तरी राष्ट्रीयीकृत बँकेत त्या प्लॉटच्या कर्जाची चौकशी करा, त्यांचा वकील मंजूर नकाशा मागतोच. या व्यवहारात विकणाऱ्याने दोन लाख कमी करून 'बँकेच्या भानगडीत नको' म्हटलं होतं.

दुसरा प्रकार विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा. बाग, क्रीडांगण, शाळा यासाठी राखलेली जागा 'आरक्षण उठलंय' म्हणून गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते. 'दहा वर्षं झाली की आपोआप उठतं' हे साफ खोटं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर मालकाने खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, बजावावी लागते. सूचनेनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं, आणि ते राजपत्रात प्रसिद्ध होतं. ती राजपत्राची प्रत मागा. सूचनेची पोच दाखवून 'प्रोसेस चालू आहे' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. 'कलम 37 खाली फेरबदलाचा प्रस्ताव गेलाय' हेही तसंच. नुसत्या ठरावाने आरक्षण बदलत नाही. जाहीर सूचना निघून हरकती घेतल्या जातात आणि शेवटची मंजुरी शासन देतं.

100 किंवा 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून एक-एक गुंठा देणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. नोटरीने जमिनीची मालकी बदलत नाही.

पैसे गेले असतील तर पहिली गोष्ट: बांधू नका. 'एकदा घर उभं राहिलं की कोण पाडतंय' हा सल्ला देणारे भेटतात, आणि मग त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची नोटीस आली की वर घातलेले पाच-सात लाखही जातात. खुल्या जागेवरचं बांधकाम पुढे नियमित होईल या आशेवर राहू नका. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली होती, ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रद्द ठरवलं.

परवानगी नाकारल्याचं पत्र जपून ठेवा, फसवणूक कळल्याची तारीख त्यावरून ठरते. दस्त रद्द करून पैसे परत मागण्याचा दिवाणी दावा कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. विकणाऱ्याला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस द्या. बनावट नकाशा दाखवला असेल तर त्याची तीच झेरॉक्स आणि कार्यालयातली प्रमाणित प्रत शेजारी-शेजारी जोडून पोलिसांत तक्रार द्या. 1 जुलै 2024 पासूनच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, आधीच्या व्यवहाराला जुनं 420. ती झेरॉक्स हाच मोठा पुरावा, म्हणून व्यवहार होण्याआधीच प्रत्येक पानावर विकणाऱ्याची सही आणि तारीख घेऊन ठेवायची सवय लावा. खऱ्या नकाशावर सही करायला कुणी का-कू करत नाही. एजंटचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, जाहिरातीचा फोटो पुसू नका. रोखीने दिलेली रक्कम खरेदीखतात आलेली नसेल तर ती परत मिळवणं फार अवघड जातं. या घराची निम्मी रक्कम तशीच अडकली आहे.

नवा लेआउट असेल तर वेगळा रस्ता आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे तर महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते आणि मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर बघता येतो. मंजूर नकाशात बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. खुली जागा मागाहून कापली गेली तर तिथे तक्रार करा.

यात आणखी एक बाजू फसलेली असते आणि तिला पत्ताही नसतो: त्या लेआउटमधले जुने 24 प्लॉटधारक. त्यांच्या पोरांच्या खेळायच्या जागेचे सात तुकडे झाले. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जाणाऱ्या शहरात सावलीची ती एकच जागा. तुमच्या लेआउटची खुली जागा अजून रिकामी असेल तर या आठवड्यातच तिचा सातबारा काढा, ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. मूळ मालकाचं नाव दिसलं तर चार-पाच शेजाऱ्यांच्या सह्यांनी, नकाशाची प्रमाणित प्रत जोडून, दोन अर्ज द्या. एक तलाठ्याकडे आणि तहसीलदारांकडे, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'मंजूर अभिन्यासातील खुली जागा' अशी नोंद घेण्यासाठी. दुसरा महापालिका आयुक्तांकडे, जागा ताब्यात घेऊन फलक लावण्यासाठी. दोन्हींची पोच घ्या. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं, तिथे अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात जातो. नोंद होईपर्यंत एक फलक स्वतःच लावा, त्यावर गट क्रमांक, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. प्लॉट बघायला येणारं घर आधी तो फलक वाचेल.