शिर्डी ते तिरुपती, "दीड तासाची फ्लाइट"

तिकीट काढून देणाऱ्या एजंटने मला एक छापील कागद दिला होता: शिर्डी ते तिरुपती, अंतर सुमारे ८७० किमी, उड्डाणाचा वेळ १ तास ३५ मिनिटे. खाली पेनाने लिहिलं होतं, 'डायरेक्ट'. आबांच्या पंचाहत्तरीनिमित्त आई-आबांना बालाजीला न्यायचं होतं आणि तिरुमलाच्या ३०० रुपयांच्या दर्शनाचा स्लॉट त्याच संध्याकाळचा मिळाला होता. तिघांचे ३४,५०० रुपये मी लगेच भरले.

आदल्या रात्री तिकिटं आली. त्यावर हैदराबाद दिसलं म्हणून एजंटला फोन केला, तर म्हणाला, "साहेब, विमान तिथे फक्त थांबतं, तुम्हाला उतरायचं नाही." हे धडधडीत खोटं होतं. विमान कंपन्या दोन, पीएनआर (बुकिंग क्रमांक) दोन. मी तेव्हा नीट वाचलं नाही, कारण मला त्या दीड तासाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा होता.

तो आकडा कुठून येतो हे मला नंतर कळलं. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर काढायचं, ताशी ८००च्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि उड्डाण-उतरण्याचा अर्धा तास वर धरायचा. ते नुसतं गणित आहे. त्या रेषेवरून विमान जातं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. हैदराबादमार्गेसुद्धा अंतर ९२५ किमीच्या आसपासच भरतं, म्हणजे वाढतात जेमतेम ५०-५५ किलोमीटर. खरा वेळ जातो तो जमिनीवर. शिवाय काकडीहून, म्हणजे शिर्डीच्या विमानतळावरून, आम्हाला मिळालं ते पंख्यांचं एटीआर विमान, आणि त्याचा वेग ताशी ५००च्या घरात असतो.

त्या सकाळी धुक्यामुळे विमान दीड तास उशिरा सुटलं. हैदराबादला उतरलो तेव्हा पुढच्या विमानाला चाळीस मिनिटं उरली होती. पीएनआर वेगळे असल्यामुळे बॅगा परस्पर पुढे जात नाहीत. बेल्टवरून घ्यायच्या, बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. काउंटर तर विमान सुटण्याच्या तासभर आधीच बंद झालेलं. तिथली मुलगी चांगली बोलली, पण म्हणाली, "एकाच पीएनआरवर असता तर पुढची सोय केली असती. आमच्या नोंदीत तुम्ही आलाच नाहीत."

रात्रभर बसने गेलो. आबांचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले. स्लॉट हुकला होता, सर्वदर्शनाच्या रांगेत आई भिंतीला टेकून उभी होती. पैशांचं दुःख कमी झालंय, हे दुःख कमी होत नाही.

एजंट म्हणतो, "मी अंतर खरंच सांगितलं होतं." पण विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळायला हवं, असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे, हेही त्याने सांगितलं नाही. मी स्वतः मागितल्यावर ते मिळालं. बाकीच्या रकमेसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

वयस्कर माणसांना नेत असाल तर पैसे देण्याआधी एवढं लेखी घ्या: पीएनआर एक की दोन, बॅग शेवटपर्यंत जाते का, मध्ये उतरावं लागतं का. एजंट उत्तर टाळायला लागला तर तिथून उठा. 'डायरेक्ट' लिहिलेला तो कागद मी तक्रारीला जोडला आहे.