माती मीटर, नऊ महिन्यांनंतर: सामूचा काटा अजून ७ वरच

फेब्रुवारीत ३४९ रुपयांना घेतला. तोच तो हिरवा, दोन दांड्यांचा, बॅटरी न लागणारा, ओलावा-उजेड-सामू असं सरकतं बटण असलेला. (सामू म्हणजे पीएच: ७ मध्यम, खाली आम्ल, वर अल्कधर्मी.) खोक्यावरचं नाव बदलतं, आतला माल एकच, त्यामुळे कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. आठव्या दिवशीच एक तारा देऊन मोकळी होणार होते. थांबले ते बरं झालं, कारण मे महिन्यात माझं मत फिरलं आणि पावसाळ्यानंतर अजून थोडं फिरलं.

आमची गच्ची पुण्याजवळ वाघोलीकडच्या सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. २८ कुंड्या. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. जानेवारीपासून मोगऱ्याची पानं तपकिरी पडायला लागली. आधी टोक, मग दोन्ही कडा, मधला भाग मात्र हिरवागार. लिंबाचं दुखणं वेगळंच होतं. जुनी पानं ठीक, पण नवी पालवी पिवळी आणि तिच्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. नर्सरीवाला फोटो बघून म्हणाला, "करपा आहे ताई, बुरशीनाशक मारा." दोनदा मारलं, १८० रुपये गेले. करपा असता तर पानावर मध्येच कुठेतरी डाग दिसले असते, ते वाढत गेले असते. माझ्या पानांवर डाग एकही नव्हता, सगळं करपणं कडेकडेनं. हे शहाणपण नंतरचं.

म्हणून मीटर. आणि मीटरमधलं मला काय हवं होतं, तर सामू. लिंबाला लोह मिळत नाहीये हे एव्हाना वाचून कळलं होतं, आणि लोह अडतं ते बहुतेक वेळा माती अल्कधर्मी असल्यामुळे, हेही. तर काटा लावला. लिंबू: ७. मोगरा: ७. नुसतं शेणखत भरलेली कुंडी: ७. एका रिकाम्या कुंडीतल्या मातीत अर्धी वाटी व्हिनेगर ओतून पाहिलं, तर साहेब जेमतेम साडेसहापर्यंत सरकले आणि थोड्या वेळानं परत जागेवर. दांड्या काथ्यानं घासा, दहा मिनिटं थांबा, माती ओली करा, सगळं केलं. ७.

ग्राहक सेवेशी चार दिवस बोलले. पहिल्या मुलीनं सांगितलं, "मॅडम, तुमची माती चांगली आहे." दुसऱ्यानं व्हिडिओ मागितला. व्हिडिओत मी दांड्या पाण्याच्या पेल्यात घालून दाखवल्या, तर म्हणे उपकरण द्रवात बुडवलंत, आता वॉरंटी नाही. शेवटी बदलून दिला. नव्यानेही ७ दाखवला. तेव्हा मी पट्टी नीट वाचली. ती ३.५ ला सुरू होते आणि ८ ला संपते. म्हणजे ८ च्या वरची माती या काट्याला दाखवताच येणार नाही, मग तो कितीही खरा असो. पुण्याच्या आसपास काळ्या, चुनखडीच्या मातीत सामू सहज ८ च्या पुढे असतो. गुडघ्यापर्यंतची टेप घेऊन उंची मोजायला निघाल्यासारखं हे. या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, आणि पुढे मीटरबद्दल चार बरे शब्द येतील तेव्हाही तो लक्षात असू द्या.

ओलाव्याचा काटा मात्र भारी चालत होता. १ ते ३ कोरडं, ४ ते ७ ठीक, ८ ते १० ओलं. मोगऱ्याच्या कुंडीत सकाळ-संध्याकाळ ९. मग मी पाणी कमी केलं, एक दिवसाआड. पानांच्या कडा आणखी जळल्या. काटा तरी ९. जुन्या पानांच्या कडा जळणं हे पोटॅशच्या कमतरतेचंही लक्षण आहे असं वाचलं आणि लाल पोटॅशचं पाकीट आणलं, दर पंधरवड्याला कुंडीत एक चमचा. तीन चमचे झाले. एप्रिलअखेर मोगरा असा दिसायला लागला की जणू कुणी कडेनं उदबत्ती फिरवली आहे. उन्हामुळे म्हणावं, तर उन्हाचा चट्टा पश्चिमेकडच्या, उन्हात उघड्या पडलेल्या पानांवर येतो, भिंतीकडच्या पानांवर नाही. इथे सगळीकडून सारखं.

मे महिन्यात एकदा कुंडीत बोटं घातली. माती भुसभुशीत कोरडी, हाताला लागेना. खाली खुरप्यानं उकरलं, तिथेही ओल नाही. आणि मीटर म्हणतो ९!

आता याला फेकणारच होते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, तो ओलावा मोजतच नसेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये माती, हा तर बॅटरीसारखा सेल झाला." मग आम्ही स्वयंपाकघरात बसून प्रयोग केला, वॉरंटी तशीही संपलेली होती. आरओच्या प्यायच्या पाण्यात दांड्या घातल्या. पाण्यात, म्हणजे ओलेपणाची कमाल! काटा २ पर्यंत येऊन थांबला. त्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, काटा सर्रकन १० वर. म्हणजे तो ओलं-कोरडं ओळखत नाही, मातीतून वीज किती जाते ते बघतो, आणि क्षार जास्त असले की कमी ओलीतही वीज जाते. सामूच्या काट्यानं मला काही सांगितलं नव्हतं. या काट्यानं तीन महिने ओरडून सांगितलं होतं, मी दुसरंच ऐकत होते.

आणि क्षार आले कुठून? इथे मला माझ्या काटकसरीचा हिशोब द्यावा लागतो. आमच्या आरओचं वाया जाणारं पाणी मी दोन वर्षं बादलीत साठवून झाडांना घालते. रोजचं साधारण दीड बादली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता, पाणी वाचवा म्हणून. आरओ सर्व्हिसिंगला माणूस आला तेव्हा त्याचा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, पाच मिनिटं मागून घेतला (विकत घेतला नाही, नोंद असू द्या). नळाचं बोअरचं पाणी ९४०. प्यायचं ७०. बादलीतलं १३१०. साधी गोष्ट आहे, पेल्यातून काढलेला क्षार जाणार कुठे, बादलीतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. माणूस चालवून घेतो, घाम गाळतो. कुंडीतलं पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतो. कुंड्यांच्या काठावरची पांढरी साय मी दर दिवाळीत ब्रशनं घासत होते.

त्यात मी मीटरवर विसंबून पाणी कमी केलं, म्हणजे उरलेल्या पाण्यात क्षार आणखी दाट. आणि वर पोटॅश. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. जळत्या घरात रॉकेल.

खात्रीसाठी तीन कुंड्यांची माती मिसळून, सावलीत वाळवून, अर्धा किलो माती परीक्षणाला दिली. अहवालात सामू ८.३, विद्युत वाहकता (क्षार किती ते हिच्यावरून कळतं) २.४. ही वाहकता १ च्या आत असावी लागते. नत्र मध्यम, लोह कमी, आणि पालाश, म्हणजे पोटॅशसमोर "अत्यंत जास्त". हो, माहीत आहे कसा वाढला.

उपाय फुकट निघाला. १० लिटरच्या कुंडीतून २५-३० लिटर पाणी हळूहळू, टप्प्याटप्प्यानं जाऊ दिलं, नळाचंच. खालून आधी चहासारखं, मग स्वच्छ. बशा काढून टाकल्या, नाहीतर तेच पाणी माती परत ओढून घेते. उरलेलं काम जूनच्या पावसानं केलं. जुलैत, भर पावसात, माती निथळत असताना मोगऱ्यात काटा ६ वर होता. मे महिन्यात कोरडी असताना ९, जुलैत चिंब असताना ६. हे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून.

करपलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत, त्याची वाट बघू नका. नवी पानं बघायची. मोगऱ्याची ऑगस्टमधली पानं टोकापर्यंत अखंड आली.

लिंबू पावसानं सुधारला नाही, कारण त्याचं कारण क्षार नव्हतं, सामू होता. आधी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातला होता. अशा मातीत त्यातलं लोह लगेच गंजून बसतं, झाडाला मिळत नाही, आणि फरशीवर पिवळे डाग पडले ते वेगळे. मग दुकानदारानं चिलेटेड लोह दिलं, म्हणजे लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं; ते रसायन ईडीटीए निघालं, सामू ७ च्या आसपास गेला की ते लोह सोडून देतं. ईडीडीएचए हवं, काळपट लाल पूड असते, महाग असते, पण ८ च्या पुढेही टिकते. १०० ग्रॅम आणली, कुंडीला चिमूट दोन चिमूट पाण्यातून. तीन आठवड्यांत नवी पालवी हिरवी. दुकानदाराला पाकीट परत द्यायला गेले, तो म्हणाला फोडलेलं घेत नाही.

मीटर आता कशाला वापरते? एका कढीपत्त्यासाठी. पानं पिवळी पडून गळत होती, वरची माती कोरडी ठणठणीत, मी पाणी वाढवत होते. २० सेंटीमीटरची दांडी तळापर्यंत गेली तर काटा वर ३ आणि खाली १०. कुंडी उलटवली, खालचं भोक मुळांनी गच्च बंद. शेजारच्या कुंड्यांशी तुलना केली, वर-खाली तुलना केली, तर हा काटा उपयोगी आहे. एकटा आकडा वाचून निर्णय घ्यायचा नाही. एवढं खोक्यावर दोन ओळींत छापता आलं असतं.

तारे: तीन. ओलाव्याला चार, उजेडाला शून्य (ऊन आहे हे मला गच्चीत उभं राहून कळतं), सामूबद्दल मी बोलणार नाही. ३४९ वसूल झाले का? बुरशीनाशक, पोटॅश, हिराकस आणि ईडीटीए मिळून ६९० गेले, ते मीटरनं वाचवले नाहीत. पुढचे वाचवेल कदाचित.

आरओचं पाणी फेकवत मात्र नाही. त्यानं आता फरशी पुसते आणि बाथरूम धुते. वाळल्यावर काळ्या फरशीवर पांढरट रेघा उठतात, मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसावं लागतं.