दाबपट्टी आणि दाबमोजे : व्हेरिकोजच्या जखमेवरील दीर्घ वापराचा अनुभव

सासूबाईंच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, वर्षानुवर्षे भरून पुन्हा फुटणारी व्हेरिकोजची, म्हणजे फुगलेल्या शिरांमुळे होणारी, जखम होती. तिच्यावर मृगापासून शिमग्यापर्यंत दाबपट्टी बांधली आणि आता ती भरली आहे.

या जखमेचे मूळ कातडीत नसून शिरेत असते. शिरांतील झडपा निकामी झाल्या की वर चढायचे रक्त खाली साचते, घोट्यापाशी दाब वाढतो, कातडी तपकिरी व कडक होते आणि साधे खरचटलेलेही महिनोन्महिने भरत नाही. म्हणूनच नुसते मलम बदलत राहून उपयोग नसतो, आणि जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिकचाही नाही.

पट्टीआधी डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणारे यंत्र) पायाच्या धमन्या तपासणे अत्यावश्यक आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागल्यावर येणारा आकडा 0.8 पेक्षा कमी असेल, तर घट्ट पट्टी पायाला इजा करू शकते. मधुमेहात धमन्या कडक झाल्यास हाच आकडा फसवा, जास्त येतो. सासूबाईंना मधुमेह असल्याने डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजला.

साध्या क्रेप बँडेजचा ताण काही तासांत सैलावतो. आम्हाला दिलेली कमी ताणणारी पट्टी झोपल्यावर फारशी आवळत नाही, पण चालताना पोटरीचा स्नायू तिच्यावर रेटला जाऊन रक्त वर ढकलतो. नर्सताईंनी शिकवलेली पद्धत अशी : पाऊल काटकोनात, नडगीवर व घोट्याच्या हाडावर कापूस, बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकलेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, शेवट गुडघ्याच्या जरा खाली. टाच उघडी राहिली की तिथेच सूज साचते.

खरा त्रास गुहागरच्या पावसाने दिला. आषाढ-श्रावणात धुतलेली पट्टी वाळत नाही आणि ओल्या पट्टीखालची कातडी पांढरी पडून जखमेच्या कडा सुटू लागतात, त्यामुळे दोन जोड हवेतच. सासूबाईंनी लावणीच्या चिखलात न उतरण्याचे पथ्यही निमूटपणे पाळले, याचे मला फार कौतुक वाटते.

जखम भरली तरी दाब सोडायचा नाही. आता पट्टीऐवजी दाबमोजे : सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी ते चढवावे लागतात, वयस्क हातांना ते जमत नाही, आणि साधारण सहा महिन्यांत ते सैल होऊन नवे घ्यावे लागतात. ब्रिटनमधील ‘एव्हरा’ चाचणीत (2018) दाबासोबत बिघडलेली शीर लवकर बंद केल्यास जखम लवकर भरते असे दिसले. शीर तशीच राहिली तर जखम पुन्हा फुटण्याचा धोका असतो, म्हणून काजूचा हंगाम उरकला की सासूबाईंची शीर लेझरने बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणार आहोत.