जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: वापरून झालेलं मत

कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या) जुन्या गाडीला टाकीतलं पेट्रोल वर आणणारा मेकॅनिकल पंप काढून छोटा लो प्रेशर इलेक्ट्रिक पंप लावलाय, आता बऱ्यापैकी चालवून झालाय. मी खुश आहे, पण रोज रस्त्यावर असणाऱ्या गाडीला हा लावा असं मी नाही सांगणार.

माझी गाडी उभीच जास्त असते. फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या दांड्यावर) चालत असल्यामुळे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल वर येतच नाही, मग सेल्फ मारत बसायचं आणि बॅटरी उतरवायची. आता चावी फिरवली की मागून टकटक सुरू होते, बाउल भरला की ती मंदावते, मग सेल्फ मारला की गाडी लगेच उचलते. उन्हाळ्यात ट्रॅफिकमधला व्हेपर लॉकही (गरमीने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो तो) जवळपास गेला. पण हे जमलं ते पंप टाकीजवळ आणि खाली बसवला म्हणून बरं का, कारण हे पंप ढकलतात छान पण ओढायला कमजोर, बॉनेटखाली गरम जागेत लावला तर अर्धा फायदा तिथेच गेला.

घेताना प्रेशर नक्की बघा. एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरला 3 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास पुरतं, वेबर कंपनीच्या कार्ब्युरेटरलाही साधारण 3 ते 3.5, त्याहून बराच जास्त दिला तर बाउल भरला की पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह दाब धरत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीचा पंप तर अजिबात नको, तो 40 पीएसआयवाला असतो.

मार्क कापले ते एकाच गोष्टीसाठी, सेफ्टीचं काहीच सोबत येत नाही. मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबतो, हा मात्र चावी ऑन असेपर्यंत चालूच, म्हणजे अपघातात पाइप तुटला तर गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहणार! रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि इनर्शिया स्विच (जोरात धडक बसली की पंप बंद करणारा) वेगळे घ्या आणि बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, प्लीज.

गाडी रोज चालत असेल तर मेकॅनिकलच ठेवा, फक्त इथेनॉल सहन करणारा नवीन डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) टाका. जुना फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगची वाट लागते, त्यामुळे डिपस्टिकला (ऑइल तपासायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतोय का ते अधूनमधून बघत जा. आणि मेकॅनिकल काढलाच तर इंजिनवरच्या त्या भोकाला गॅस्केट घालून प्लेट मारा, नाहीतर तिथून ऑइल बाहेर येईल.