परसातला डेक आणि शहाबादी फरशी: दोन पावसाळ्यांनंतर

पुण्याजवळची काळी जमीन, बंगल्यामागे साधारण चारशे चौरस फुटांचं परस. स्वयंपाकघराच्या दाराशी डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या पट्ट्यांचा) डेक, त्याच्या पायरीपासून कुंपणापर्यंत शहाबादी फरशी आणि कडेने वाफे. काम होऊन वीस महिने झाले, म्हणजे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे. डेक चांगला टिकलाय, फरशीही चांगली टिकलीय. त्रास दिला तो या दोघांच्या सांध्याने आणि फरशीखालच्या एका चारीने. विकणारे पट्ट्यांच्या रंगाबद्दल तासभर बोलतात, सांध्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे सविस्तर.

डेकचं माप पट्टीवरून ठरवावं. आपली पट्टी भरीव, १४६ मिमी रुंद, २५ मिमी जाड, २.९ मीटर लांब. डेकची एक बाजू २.९ मीटरच ठेवली, त्यामुळे पट्टीला मधे कुठेही जोड नाही आणि कापाकापीत माल वाया गेला नाही. दुसऱ्या बाजूला २४ पट्ट्या, मधे ४ मिमी फट, मिळून ३.६ मीटर. खाली ५० × ५० मिमीचे, २ मिमी जाडीचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, मध्यापासून मध्यापर्यंत २८५ मिमी अंतरावर एकूण ११. पोकळ पट्टी आणि खालच्या पाइपांत दीड फुटाचं अंतर ही स्वस्त कोटेशनमधली नेहमीची जोडी. असा डेक पहिले सहा महिने छान दिसतो, मग खुर्चीच्या पायाखाली पट्टी लवायला लागते. पट्ट्या पाइपांवर धरून ठेवणाऱ्या क्लिपा २५३ लागल्या, मागवल्या २७५. त्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्याच घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होतात आणि एक तुटली की शेजारची पट्टी वाजायला लागते.

मधल्या दोन सोडल्या तर प्रत्येक पट्टी मधोमध एकाच स्क्रूने पक्की केलीय, बाकी सगळीकडे ती क्लिपांत मोकळी सरकते. जानेवारीतल्या पहाटेची आणि मे महिन्यातल्या दुपारची लांबी मोजली, तर २.९ मीटरच्या पट्टीत ४ ते ५ मिमी फरक पडतो. म्हणून भिंतीकडच्या टोकाला १० मिमी जागा सोडलीय. डेक भिंतीला कुठेही बोल्टने जोडलेला नाही, तो स्वतःच्या पायांवर उभा आहे. प्लास्टरला भोक नाही, त्यामुळे ओल नाही. डेकचा माथा दाराच्या उंबऱ्यापेक्षा ३ इंच खाली आहे. वाऱ्याबरोबर पावसाचा सपकारा येतो तेव्हा हे तीन इंच कामी येतात.

आता सांधा. डेक आणि फरशी एका पातळीत घेतली की फोटो सुंदर येतो, पण डेकखाली हवा खेळायला जागाच उरत नाही. इथे डेक फरशीपेक्षा ६ इंच वर आहे, म्हणजे एक सोयीची पायरी. डेकखाली ३ इंचाचा कोबा असून त्याला घरापासून बाहेरच्या दिशेने उतार दिलाय. फरशी डेकच्या कडेला टेकवून थांबवलेली नाही, ती ८ इंच आत, डेकच्या खाली गेलीय. कोब्याची कड फरशीपेक्षा जराशी उंच. पट्ट्यांच्या फटींतून पडलेलं पाणी कोब्यावरून फरशीवर येतं आणि फरशीच्या उताराने नालीत जातं.

बाकी बाजूंना हे व्यवस्थित झालं. तुळशीकडच्या बाजूला मात्र गवंड्याने डेकची कड झाकणारी उभी पट्टी आणि फरशी यांच्यामधली फट नीट दिसावी म्हणून सिमेंटने भरून टाकली. पहिल्या एप्रिलमध्येच ती उभी पट्टी मधे फुगली, कारण तिची खालची कड सिमेंटमध्ये जखडलेली होती आणि लांबायला वाव नव्हता. पावसाळ्यात तिच्यामागे पाणी तुंबलं, पानं कुजली, वास यायला लागला. उपाय सोपा निघाला. ग्राइंडरने सिमेंट कापून काढलं आणि उभी पट्टी फरशीपासून १५ मिमी वर उचलून पुन्हा बसवली. तेव्हापासून काही तक्रार नाही. ही १५ मिमीची फट सगळीकडे मोकळीच राहिली पाहिजे. गवंडी आणि डेकवाला वेगवेगळ्या दिवशी येतात आणि दोघांनाही फट म्हणजे अर्धवट काम वाटतं, म्हणून कामाच्या दिवशी तिथे स्वतः उभं राहावं. डेकच्या मोकळ्या बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावलीय. घुशी आणि मोठे साप आत शिरत नाहीत.

फरशीखाली काय आहे यावर फरशी टिकते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावर थेट काहीही बसवलं तरी हलतं. २४० चौरस फुटांसाठी १६ इंच खोदाई केली, म्हणजे ३.२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती बाहेर काढली. त्यात ९ इंच मुरूम तीन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि प्लेट कॉम्पॅक्टर फिरवून. दाबून भरतो १.८ ब्रास, पण सैल मुरूम २.४ ब्रास लागला. त्यावर जिओटेक्स्टाइल (थर एकमेकांत मिसळू न देणारं कापड), मग ४ इंच खडी आणि कच (दगडाची बारीक चुरी), मग दीड इंच क्रश सँड, आणि शेवटी ४० मिमी जाडीची, वरून रफ असलेली फरशी. २५ मिमीची फरशी अशी कोरडी बसवू नका, तुटते. ती घ्यायची तर खाली कोबा हवाच. कडेला फरशी उभी गाडून काँक्रीटमध्ये पक्की केलीय, नाहीतर कडेचे दगड हळूहळू वाफ्याकडे सरकतात. उतार ६ फुटाला १ इंच. गुळगुळीत कोब्याला ८ फुटाला १ इंच चालतो, रफ दगडावर तेवढ्याने पाणी साचतं.

पहिल्या जुलैत एका जागी चार दगड बसले, साधारण १२ मिमी. खालून ड्रेनेजच्या पाइपची जुनी चारी गेली होती आणि ती नुसत्या मातीने बुजवलेली होती. कोरड्या बसवणीचा फायदा इथे कळला. पहारीने चारही दगड उचलले, चारी दोन फुटांपर्यंत उकरून मुरूम धुमसाने ठोकत भरला, वर क्रश सँड सपाट करून तेच दगड परत ठेवले. अर्ध्या दिवसात काम झालं. सिमेंटमध्ये बसवलेली फरशी असती तर ती फुटली असती.

सांध्यांत कच भरलीय. मुंग्या ती उकरतात, वर्षातून एकदा खराट्याने नवी भरावी लागते. हरळीवर उकळतं पाणी ओतलं की वरचं गवत करपतं, पण ती मुळांतून पुन्हा फुटते. नागरमोथा जिओटेक्स्टाइललाही जुमानत नाही. तो गड्ड्यासकट खणून काढावा लागतो आणि पहिल्या वर्षी हे काम सतत करावं लागतं.

शेवाळ फरशीवर येतंच, ऑगस्टमध्ये तर हटकून. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, दहा-पंधरा मिनिटं थांबून खराट्याने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हे पाणी वाफ्यात किंवा डेकवर जाऊ देऊ नका, पट्ट्यांचा रंग उडतो. आणि ॲसिड कधीही नाही. शहाबादी म्हणजे चुनखडी. ॲसिड पडताच फेस येतो आणि पृष्ठभाग खरवडला जातो. ब्लीचिंगमध्ये ॲसिड मिसळलं तर विषारी वायू सुटतो, तेव्हा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवूच नयेत.

उन्हाळ्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार डेकवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. इथला रंग गडद चॉकलेटी आहे. आज निवड करायची तर फिकट करडा घेतला जाईल. पण ऊन ओसरलं की डेक लवकर निवतो, फरशी मात्र रात्री नऊपर्यंत धग सोडत राहते. म्हणून संध्याकाळच्या खुर्च्या डेकवर, आणि फरशीवर सहा वाजता एकदा पाणी शिंपायचं. रंग पहिल्या तीन महिन्यांत थोडा उतरला, मग स्थिरावला.

आग मात्र सगळी दगडाकडे. शेगडी, चूल, दिवाळीतले फटाके डेकपासून लांबच. फुलबाजीची एक ठिणगी पट्टीवर पडली, तिथे मसुराच्या दाण्याएवढा वितळलेला खड्डा कायमचा राहिलाय. तेल सांडलं तर तासाभरात भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, दुसऱ्या दिवशी डाग निघत नाही. तुळशीसमोरच्या पणतीखाली ताटली ठेवावी, चुनखडी तेल पिते. लोखंडी पायांच्या कुंड्यांच्या स्टँडला रबरी बूच लावावेत.

मे अखेरीची ठरलेली कामं: डेकच्या मधल्या दोन पट्ट्या क्लिपांत न अडकवता वरून स्क्रूने बसवल्यात, त्या उघडून खालची पानं पाण्याच्या जोराने धुवायची. पाइपांची कापलेली टोकं आणि वेल्डिंगच्या जागा टॉर्चने बघायच्या. गंज तिथूनच सुरू होतो. पहिल्या वर्षी दोन ठिकाणी दिसला, तो घासून झिंकचा रंग दिला. नालीची जाळी काढून गाळ उपसायचा.

आणि फरशी बसवण्याआधी मुरमात दोन इंची पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेवा, घरापासून कुंपणापर्यंत, आत नायलॉनची दोरी ओवून आणि दोन्ही टोकांना टोपण लावून. वाफ्यातले दिवे नंतर सुचले, तेव्हा वायर त्या दोरीला बांधून दहा मिनिटांत पलीकडे गेली आणि एकही दगड उचलावा लागला नाही.