नोहाचं तारू काही येईना : ऑडिओ बायबलच्या डबीचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या नाताळात ही डबी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळी झाले होते. ते परत घेतेय. ऑगस्टमध्ये चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून लिहायला बसले, पण खरं दुखणं पिन नाहीच.

डबी तुम्ही पाहिली असेलच. हातात मावणारा स्पीकर, आत मेमरी कार्ड, त्यात सगळं पवित्र शास्त्र मराठीत. 1,850 रुपये. थोरला सहावीत, धाकटी दुसरीत, दोघंही इंग्रजी माध्यमात. संडे स्कूलचं सुवर्णवचन, म्हणजे शास्त्रातली ओळ, रोमन अक्षरांत लिहून पाठ करतात. सासूबाईंना ते बघवेना. म्हटलं, वाचता येत नाही तर निदान कानावर पडू दे. रात्री घरची प्रार्थना झाली की दिवा घालवून वीस मिनिटं ऐकायचं.

आवाज स्वच्छ आहे. वाचणारे गृहस्थ बातम्या दिल्यासारखं वाचतात, पण एक शब्द गिळत नाहीत. बॅटरी तीन-चार रात्री पुरते.

आता तक्रार. डबी बंद करून पुन्हा चालू केली की ती उत्पत्तीच्या, म्हणजे शास्त्रातल्या पहिल्याच पुस्तकाच्या, पहिल्या अध्यायापासून सुरू होते. रोज! अध्यायाचा आकडा दिसेल असा पडदाही नाही. अंधारात 'पुढे'चं बटण किती वेळा दाबलं ते मोजत बसायचं, आणि जरा जास्त वेळ दाबलं गेलं की थेट पुढच्या पुस्तकात. शास्त्रात 66 पुस्तकं, 1,189 अध्याय. बनवणाऱ्याला काय वाटलं, माणूस एका बैठकीत ऐकून उठेल?

त्यात पाचवा अध्याय म्हणजे आदामाची वंशावळ. अमका इतकी वर्षं जगला आणि मेला, तमका तितकी वर्षं जगला आणि मेला, मथुशलह 969 वर्षं जगला आणि मेला. इथे धाकटी हमखास झोपते. खरं सांगायचं तर मीही. जलप्रलयातून वाचायला तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधणाऱ्या नोहाची गोष्ट येते सहाव्यात. म्हणजे दुसऱ्या रात्री पुन्हा पहिला शब्द, "प्रारंभी". जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. थोरला विचारायचा, "मम्मी, नोहाची लाकडं आली का गं?"

एप्रिलमध्ये मात्र माझं मत जरा पालटलं. संडे स्कूलमध्ये टीचरांनी देवाने कोणत्या दिवशी काय निर्माण केलं ते विचारलं. बाकीच्या मुलांनी सूर्य पहिल्याच दिवशी उगवून टाकला. आमच्या धाकट्या बाईंनी रोज ऐकलेल्या पहिल्या अध्यायातले सहाही दिवस ओळीने सांगितले, आणि वर विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी केला तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? टीचरांनी तिला पाळकसाहेबांकडे पाठवलं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी सांगतो. ती अजून वाट बघतेय. घरी गृहपाठ राहिला की त्याच अध्यायाच्या चालीवर म्हणते, "संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा सोमवार."

मग पिन गेली. सर्व्हिसवाल्यांनी पहिला प्रश्न केला, "कार्ड बाहेर काढलं होतं का?" काढलं होतं; त्या पाचव्या अध्यायाचं काही करता येतंय का ते बघायला. "मग वॉरंटी गेली." कार्डाचा आणि पिनेचा काय संबंध? तीन आठवडे फोन. कुरिअर माझ्या खर्चाने, दुरुस्तीचे वर 450. एकदा मी फोनवर चांगलीच चढले होते, तर धाकटी शेजारी येऊन म्हणाली, "आपल्या ऋण्यांना ऋण सोडायचं असतं ना?" प्रभूची प्रार्थना तिला सासूबाईंनी शिकवली आहे, अर्थासकट. फोन ठेवला. पैसे मात्र मी सोडलेले नाहीत, मेल अजून चालू आहेत.

शेवटी थोरल्याने ते कार्ड सासूबाईंच्या जुन्या फोनमध्ये घातलं. सगळे अध्याय नंबरवार दिसले. आणि फोन जिथे थांबवला तिथूनच पुढे सुरू होतो! त्या रात्री आम्ही पाचवा सोडून थेट सहावा लावला. तारू, जोड्या, पाऊस, कावळा, कबुतर, सगळं दोन रात्रींत. आठ महिने त्या माणसाला आम्ही कोरड्या जमिनीवर ताटकळत ठेवला होता.

तेव्हा माझा हिशेब असा : वाचणाऱ्याला एक स्टार, कार्डाला एक. डबीला शून्य. घरात जुना फोन पडला असेल तर 1,850 घालवू नका. घेतलीच असेल तर कार्ड काढता येतं, फक्त सर्व्हिसवाल्यांना सांगू नका. (हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.)

सध्या आम्ही निर्गमात, म्हणजे दुसऱ्या पुस्तकात आहोत, आठव्या अध्यायात, जिथे मिसरात (इजिप्तमध्ये) बेडकांची पीडा येते. बेडूक बिछान्यात शिरतात, भट्टीत शिरतात, पीठ मळायच्या भांड्यातही शिरतात. तेव्हापासून मी कणीक मळायला घेतली की धाकटी आधी येऊन परातीत डोकावते.